वाघोलीकरांची अकराची हजेरी

आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये वाघोलीकर साहेब एकटे राहत आणि रोज सकाळी अकराच्या ठोक्याला वर्गाची हजेरी घेत.

हे ऐकून लोक पहिल्या अर्ध्या वाक्याला मान डोलावतात आणि दुसऱ्या अर्ध्याला माझ्याकडे बघतात. मीही असाच बघत राहिलो होतो. अकोल्याहून पुण्यात येऊन, कर्वेनगरात भाड्याने जागा घेऊन जेमतेम महिना झाला होता. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या वेळा सांभाळायच्या म्हणून सॉफ्टवेअर कंपनीने मला दुपारची शिफ्ट दिली होती, त्यामुळे सकाळी मी घरीच. गॅलरीतून आवाज स्वच्छ खाली यायचा. "मल्लेश यल्लप्पा." मग शांतता. मूल उठतं, हजर म्हणतं आणि खाली बसतं, एवढ्यापुरतीच. "नरसम्मा बालय्या." पुन्हा तेवढीच शांतता. अशी नऊ नावं. नवव्यानंतर मात्र शांतता फार लांबायची, आणि मग रजिस्टर मिटल्याचा आवाज यायचा.

"रेडिओ असेल," मी बायकोला म्हटलं.

"रेडिओवर कोनी 'सायलू, खिडकीतून बाहेर बघू नकोस' म्हनते का बापा?" संध्या म्हणाली.

रविवारी हजेरी नसे. दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी सगळी सरकारी यादीप्रमाणे पाळली जाई. सुट्टीत वरून काहीच आवाज नाही म्हणून आम्हाला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट अकरा वाजले की आम्ही दोघंही छताकडे बघायचो. सोसायटीच्या चेअरमनना मी हळूच विचारलं. ते म्हणाले, "साहेब शिक्षण खात्यात होते. हजेरीच घेतात ना? वर्गणी तर मागत नाहीत?" एवढं बोलून त्यांनी पेपर वर केला. पुण्यात चौकशी संपल्याची ही खूण असते, हे मला तोवर कळलं होतं.

साहेब खात्यात शिकवण्याच्या माध्यमाच्या टेबलावर होते. कोणत्या इयत्तेला कोणती भाषा, कुठे कुणाच्या मातृभाषेचा वर्ग काढायचा आणि कुठला बंद करायचा, या सगळ्या फायली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. उंच, वाळकुडे, बिनइस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं. निवृत्त होऊनही त्यांच्या तोंडची फाइल सुटली नव्हती. चहा विचारला तर म्हणत, "हरकत नाही. मात्र अर्ध्या कपासच मान्यता." लिफ्ट बंद पडली तर "सदर बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आणावी," असं म्हणून जिना चढू लागत. आणि जातील तिथे माणसं मोजत. पट, म्हणजे वर्गातल्या मुलांची संख्या, हा त्यांचा श्वास होता. लग्नात, वाढदिवसाला, एकदा तर वैकुंठ स्मशानभूमीत शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेला त्यांनी मला कोपराने ढोसून विचारलं, "पट काय सांगतो?" मी घाबरून मोजले. एकवीस. "बावीस," ते म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले. बाविसावा कोण धरला, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

सोसायटीच्या सभेत नोटीस बोर्ड मराठीत असावा की इंग्रजीत, यावर वाद पेटला, तेव्हा साहेबांनी उभं राहून थेट कंपनी सरकारपासून सुरुवात केली. गोऱ्या साहेबाने खालच्या शाळा देशी भाषेत काढल्या आणि वरच्या इंग्रजीत, म्हणजे जिना मराठी आणि गच्ची इंग्रजी. स्वातंत्र्य आलं तेव्हा इंग्रजीला उचलून आठवीत नेऊन बसवलं. "मग आम्ही तिला पाचवीत आणलं. आता पहिलीत आणली. पुढचा शासन निर्णय निघाला की डोहाळजेवणात येईल." मध्येच त्रिभाषा सूत्र आलं, राज्यघटनेचं कलम तीनशे पन्नास 'अ' आलं: अल्पसंख्य भाषेच्या लहान मुलांना त्यांच्या मातृभाषेत शिकण्याची सोय द्यावी. हे कलम म्हणताना त्यांचा आवाज एकदम खाली गेला. कुणीतरी विचारलं, "आणि सेमी-इंग्रजी म्हणजे काय हो साहेब?" "गणित इंग्रजीत चुकवायचं आणि इतिहास मराठीत विसरायचा." सभा हसली. बोर्ड शेवटी रिकामाच राहिला.

एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी सहज म्हणून विचारलं, "साहेब, आज हजेरीला आठच नावं झाली?"

"नावं नऊच घेतली. पोशम्मा गैरहजर."

"कसं कळलं?"

"आवाज आला नाही," ते म्हणाले आणि पिशवी सावरत खाली गेले.

मी भर उजेडात लाइट लावून बसलो.

खरं तर तेव्हा माझ्या घरात याहून मोठी भीती राहायला आली होती. आमची सई साडेचार वर्षांची. जूनमध्ये तिला जवळच्याच इंग्रजी शाळेत घातलं. आमच्या कंपनीत मुलाखतीत इंग्रजीपाशी अडखळणारी आमच्याकडची हुशार पोरं मी रोज बघत होतो. माझ्या पोरीवर ती वेळ येऊ द्यायची नव्हती. शाळेने पहिल्याच आठवड्यात कागद पाठवला: घरी फक्त इंग्रजीतच बोला. आम्ही इमानदारीत सुरू झालो. "सई, ईट द भाकर." "सई, डोन्ट गो देअर, पडशील." सईने वर्गात "मले पानी पाह्यजे" म्हटलं तेव्हा बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं. हे आम्हाला फार उशिरा कळलं. तिने पानी मागणं बंद केलं, मग शाळेत बोलणं बंद केलं. गणपतीपर्यंत ती घरीही बोलेनाशी झाली. दोन महिने एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, गळा ठीक आहे, कान ठीक आहे. संध्या स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडायची. मी पोरीचा आवाज कसा होता ते आठवायला लागलो होतो, आणि तो आठवेना.

अशात एका शनिवारी सकाळी सई घरात दिसेना. दार उघडं. संध्या खाली पार्किंगकडे धावली, मी वर. वाघोलीकरांचं दारही उघडंच होतं.

बाहेरच्या खोलीत एकही वस्तू नव्हती. ना खुर्ची, ना टीव्ही. भिंतीला काळा फळा, त्यावर आजची तारीख. फरशीवर खडूने आखलेले चौकोन, तीन रांगा तीन-तीनच्या आणि दाराशी एक सुटा. त्या सुट्या चौकोनात सई मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. साहेब फळ्याशी उभे होते. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की ओरडायला आलेला मी दारातच थांबलो.

"मी बसवलं नाही हो तिला," ते कुजबुजले. "आत खिडकीपर्यंत गेली, परत आली आणि तिथेच बसली."

तेवढ्यात सई उठली, पाणी हवं म्हणून आतल्या माठाकडे गेली. एकाही चौकोनात तिने पाय ठेवला नाही. बसलेल्या माणसांच्या मधून वाट काढावी तशी अंग चोरून, पाय उचलून ती गेली आणि तशीच परत आली. मी तिचा हात धरून निघणार, तर साहेब म्हणाले, "दोन मिनिटं थांबा. ऐकून घ्या. मग हवं तर माझी तक्रार करा."

आणि त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं.

"विषय, खडकीतला तेलुगू माध्यमाचा वर्ग. तिथल्या कामगारांच्या मुलांचा. नियम स्वातंत्र्यानंतर लगेचचा. अल्पसंख्य भाषेचा वर्ग हवा तर शाळेत चाळीस मुलं हवीत, किंवा वर्गात दहा. इथे बरोब्बर दहा होती. मी तपासणीला गेलो. आता आपल्याकडे पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल. तपासणीच्या दिवशी पट कमी पडला की शेजारच्या शाळेतून मुलं उसनी आणून बसवायची, विरजण आणतात तशी. ही उसनी मुलं पकडण्यात माझा हात धरणारा खात्यात नव्हता. माझी युक्ती होती. दुसऱ्या माध्यमाच्या वर्गात जाऊन एकदम मराठीत प्रश्न टाकायचा. खरी मुलं मास्तरकडे बघतात. उसनं मूल चटकन उत्तर देतं."

सई त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"नऊ मुलांनी मास्तरकडे बघितलं. दाराजवळची एक मुलगी उभी राहिली. मी विचारलं, बाळ, नाव काय तुझं? तिने मराठीत सांगितलं. स्वच्छ, खणखणीत. मी तिथल्या तिथे रजिस्टरात तिच्या नावावर तीन रेघा ओढल्या. उसनी. पट नऊ. वर्ग बंद करावा, अशी शिफारस."

"आणि ती उसनी नव्हती," मी म्हणालो.

"नव्हती. खडकीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली पोर. शेजारी मराठी, पलीकडे उर्दू, घरात तेलुगू. साहेब मराठीत विचारतोय म्हणून मराठीत बोलली. आम्ही जन्मभर कागदावर द्वैभाषिक मूल घडवत होतो, आणि ते माझ्यासमोर उभं राहिलं तर मी त्याला खोटं ठरवलं. मास्तर आठवड्याने कचेरीत येऊन उभा राहिला, साहेब ती आमचीच होती. मी म्हटलं, अर्ज करा. आदेश निघाला होता. मुलांना मराठी वर्गात बसवलं, वर्षभरात एकेक करत सगळी घरी बसली. मी रिटायर झाल्यावर रजिस्टर रद्दीतून उचलून आणलं. खडकीत दोन वर्षं हिंडलो. क्वार्टर रिकामे झालेले, माणसं पांगलेली. नऊ नावं कागदावर आहेत, ती रोज घेतो. दहावं माझ्याच शाईखाली गेलं. तिने मला सांगितलं होतं हो! मी ऐकलंच नाही. मी भाषा तेवढी ऐकत होतो."

म्हातारा रडत होता. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि ठेवला नाही, याची मला अजून चुटपुट आहे. तेवढ्यात घड्याळात अकरा वाजले आणि त्यांनी सवयीने डोळे पुसून रजिस्टर उघडलं. थांबवायचं कसं, ते मला सुचेना. नऊ नावं झाली. प्रत्येकानंतर ती तेवढीच शांतता. खोलीत आमच्या तिघांच्या श्वासांपेक्षा जास्त श्वास आहेत असं मला वाटत होतं, आणि मी काही असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही.

मग ती लांब शांतता आली. साहेब मान खाली घालून उभे राहिले.

"हजर," सई म्हणाली.

बारीक, किनरा, थोडा गेंगाणा. हाच होता तिचा आवाज. मी तिला उचलून जो जिना उतरलो, तो संध्याला हाका मारतच. संध्या खालून धावत आली. तिने पोरीला छातीशी धरलं, आणि त्या जिन्यातच आमच्या घरातलं इंग्रजी संपलं.

"बोल वं माय, अजून बोल," संध्या म्हणत होती.

"सई," मी विचारलं, "तुझं नाव तर घेतलं नव्हतं. मग तू काहून हजर म्हटलं?"

"थे लाजे ना," सई म्हणाली. "मंग मीच म्हटलं."

"कोन लाजे?"

"अंजम्मा."

संध्या म्हणते, मोलकरणीकडून ऐकलं असेल, नाहीतर बागेत कुणी असेल त्या नावाचं. असेल. मी बागेत विचारून पाहिलं नाही. मी सईला संध्याच्या कुशीत ठेवून तेव्हाच पुन्हा वर गेलो. साहेब अजून तसेच उभे होते, समोर दहावी ओळ. मी नाव सांगितलं. एकदा. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि सवयीने माझ्याकडे बघून विचारलं, "कोणत्या भाषेत सांगितलं तिने?"

मी तोंड उघडलं. त्यांनीच घाईने हात वर केला.

"नको," ते म्हणाले. "राहू द्या."

आणि रेघांच्या वरच्या मोकळ्या जागेत, एकेक अक्षर तोंडाने हळू उच्चारत, त्यांनी ते नाव लिहिलं.