दुसऱ्याने घातलेला टाका

वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन आठवडाही उलटला नव्हता, तोच शिंप्याला पुन्हा त्याच हॉस्पिटलात आणावं लागलं. दुकानात उभा राहायला गेला आणि शिवणयंत्रावरच कोसळला. ओठ कोरडेठाक, नाडी सुसाट.

“काय खाल्लंत?” सर्जनबाईंनी पोट चाचपत विचारलं.

“काही नाही.”

“खरं सांगा. पोटाची पिशवी एवढीशी करून ठेवलीय. टाक्यांतून गळती असेल तर जिवाशी खेळ आहे.”

“आईशप्पथ, काही नाही!”

“ह्यांचं काही ऐकू नका,” बायको रडकुंडीला आली होती. “झोपेत उठून खाणारा माणूस आहे हा. सगळं कुलपात ठेवलंय मी, पण ह्यांनी दुसरी किल्ली केली असणार!”

तातडीने पोटाचा स्कॅन झाला. बायको दाराला टेकून देवाचा धावा करत होती. गळती नव्हती. मग हे काय? सर्जनबाईंनी मानसतज्ज्ञाला बोलावलं. ऑपरेशनआधी “भीती? मला? छे!” असं हसतहसत सांगून शिंप्याने त्याच्याकडूनच हिरवा कंदील मिळवला होता.

“पाणी पिता ना?” मानसतज्ज्ञाने हळूच विचारलं.

शिंपी छताकडे बघू लागला.

“पिता ना?”

“ओठ ओले करतो. साहेब, दुसऱ्याने घातलेल्या टाक्यावर माझा जन्मात विश्वास बसला नाही. पिशवी फुगली, टाका उसवला, तर?”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“बोललो असतो तर पास केलं असतंत?”

मानसतज्ज्ञाला हसावं की चिडावं कळेना. सलाइन लागलं. त्याने स्वतःच चमच्याने घोटभर पाणी पुढे केलं. शिंप्याने डोळे मिटले, पोटावर हात दाबला आणि गिळलं. सगळे श्वास रोखून उभे. काहीच उसवलं नाही. त्याने दुसरा घोट मागितला.

एवढ्यात धप्पकन आवाज झाला. बायको जमिनीवर!

“ह्यांच्या डोळ्यांदेखत घास कसा उतरणार?” शेजारच्या खाटेवर शुद्धीवर येत ती पुटपुटली. नवरा घरी आल्यापासून तीही जवळजवळ उपाशीच होती. नर्सने चहा-बिस्किटं आणून ठेवली. तिने बशीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“अहो, जरा तिकडे तोंड करा ना.”

शिंप्याने मुकाट्याने कूस बदलली. पाठीमागे बिस्कीट मोडल्याचा आवाज आला.

“चहात बुडवून घे,” तो भिंतीला म्हणाला, “आणि सावकाश.”