फळ्यांवरची गाडी

आमच्या शेजारचे करमरकर काका आपली मोटार कधी जमिनीवर उभी करत नसत. चार चाकांखाली चार फळ्या लागत. केंब्रिजला जूनचं ऊन पडलेलं असलं तरी.

"बर्फात थांबलं की विमानाच्या स्की खाली चिकटून बसतात. म्हणून फळी," ते सांगत.

"अहो, पण ही मोटार आहे," काकू म्हणत. "हिला स्की कुठायत?"

"फळ्या आहेत. तेवढं पुरे."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. काका गावाबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या छोट्या लाल विमानांना ते स्की, म्हणजे बर्फावर घसरत उतरायच्या लांब पट्ट्या, बसवत. डोक्यावरून जंबो गेलं तर मानही वर करत नसत. "ती बस आहे," एवढंच म्हणत. पण जुन्या छोट्या विमानांचा विषय निघाला की चहा गार व्हायचा. पूर्वीचे वैमानिक बर्फावर उतरले की इंजिनातलं तेल काढून तंबूत स्टोव्हजवळ ठेवत आणि निघताना गरम करून परत ओतत. मग एकजण मागे जाऊन विमानाची शेपटी गदागदा हलवी, तेव्हा कुठे स्की सुटत. "शेपटीवाल्याशिवाय उड्डाण नाही," हे काकांचं ठरलेलं वाक्य. जॅमच्या बरणीचं झाकण अडकलं तरी हेच.

वीस वर्षं स्की बसवल्या, पण बर्फ पाहिला तो फक्त आमच्या रस्त्यावरचा. रिटायर व्हायच्या वर्षी साहेबाने विचारलं, एका सीझनसाठी तिकडे फिटर हवाय, जाल का? काका फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे ओळखीच्या सगळ्यांचे फॉर्म मीच भरायचो.

आजारांच्या रकान्याशी मी थांबलो. "काका, तुम्हाला डायबिटीस आहे ना?"

"आहे थोडा."

"मग लिहायला हवं."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

नकार आला. काका म्हणाले, "खरं तेच लिहिलंस. बरं केलंस." ते रागावले असते तर मला वाटतं सोपं गेलं असतं.

ऑक्टोबरात लाल विमान दक्षिणेकडे गेलं. स्कीचा शेवटचा बोल्ट काकांनीच आवळला होता. त्या दुपारी मी कॉलेजातून आलो, तर काका फळ्यांवरच्या गाडीत बसलेले. अंगात जाड कोट, हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. काकू थर्मास घेऊन बाहेर आल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या.

"निघायचं ना?" त्यांनी विचारलं.

"स्की चिकटल्यात," काका समोर बघत म्हणाले.

काकूंनी काच खाली केली. "अरे, उभा काय राहिलास? मागे जा."

मी बॅग फूटपाथवर ठेवली, गाडीच्या मागे गेलो आणि दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून ती हलवू लागलो.