एक नंबरच्या बटणाची नोंद

गाडी सुरू करताच चालकाची सीट आपोआप चार बोटं पुढे सरकते आणि मालकाचं पोट स्टिअरिंगखाली अडकतं, ही बाब दप्तरसाहेबांच्या निदर्शनास मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आली. गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची. उभी असली तरी पळते आहे असं वाटावं अशी. घेऊन पाच महिने झाले होते. या काळात साहेबांनी ती चालवली नव्हतीच, नुसती पुसली होती.

शनिवारी मात्र तिला धावणं भाग होतं. नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं हेडक्लार्की करताना साहेबांनी दर वर्षी बायकोला शब्द दिला होता, ‘यंदा तुला समुद्रावर नेतो, मी स्वतः नेतो’. आणि दर वर्षी तो शब्द पुढील कार्यवाहीसाठी प्रलंबित राहिला होता. आता निवृत्ती झाली, गाडी आली. तरी बाईंनी शेजारणीबरोबर बसचं तिकीट काढून ठेवलंच होतं.

“तुमची गाडी निघाली तर रद्द करीन,” त्या म्हणाल्या. “नाहीतर बसा पुसत.”

बाईंनी हयातभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं. साहेबांचा परवानाही त्यांच्याच शिकवणीतला, तिसऱ्या खेपेचा. बोलता बोलता यमक जुळवायची त्यांना खोड. खिडकीतून आत डोकावून, अडकलेल्या नवऱ्याकडे बघत त्या गुणगुणल्या:

“लाल माझी गाडी, तिची आठवण पक्की
धनी बसे आत, सीट पुसे, ‘हेच नक्की?’”

साहेबांनी कंपनीला फोन लावला.

“सीट आठवणीतल्या जागी जात नाही का?” पलीकडची मुलगी.

“जाते ना! तिथेच जाते.”

“मग तक्रार काय आहे, सर?”

“माझं पोट अडकतं.”

“पोट वॉरंटीत येत नाही, सर.”

बुधवारी साहेब रिक्षाने वर्कशॉपमध्ये गेले. गाडी मागून टेम्पोवर चढून आली. मिस्त्रीने सीटखाली बॅटरी मारली, वायर जोडली, संगणक लावला. तासाभराने अहवाल बाहेर आला: ‘सीट निर्दोष. बसणारा नोंदीशी जुळत नाही.’

“मागे घ्या की जरा!” साहेब म्हणाले.

“बटण चालणार नाही, साहेब. नोंद कायम केलीय. कुणी फेरफार करू नये म्हणून. गाडी घेतानाचा तुमचाच अर्ज आहे, तीन प्रतींत.”

साहेबांना शोरूममधला तो दिवस आठवला. विक्रेता म्हणाला होता, ‘साहेब, फोटो!’ साहेबांनी कणा ताठ केला, हनुवटी उचलली, पोट जे आत ओढलं ते पाठीला भेटवलं. आणि त्याच क्षणी, नोंद ताजी असतानाच व्हावी या शिस्तीने, सीटची जागा लक्षात ठेवणारं एक नंबरचं बटण दाबलं. मग बाई बसल्या. मांडीवर पिशवी, चपला अर्ध्या काढलेल्या. ‘हुश्श’ म्हणत त्यांनी दोन नंबर दाबला. त्यांचा फोटो कुणी काढलाच नाही.

दुरुस्तीसाठी काउंटरवरच्या बाईंकडे अर्ज करायचा होता. त्यासोबत मूळ नोंद करणाऱ्याची संमती.

“मूळ माणूस मीच.”

“पुरावा?”

“अहो, तुमच्यासमोर बसलोय!”

“काका, सीटच्या माहितीप्रमाणे तो माणूस बारीक आहे.” काउंटरवरच्या बाई अजिबात रागावल्या नव्हत्या. “रेकॉर्ड चुकत नाही. माणसं चुकतात.”

हे वाक्य त्यांचंच होतं. त्यांच्या टेबलासमोर एकदा एक आजी उभी होती. कागदावर ती तिच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान होती. अकरा फेऱ्या मारून ती शेवटी म्हणाली होती, ‘असू दे बाबा. आजपासून मीच त्याला दादा म्हणते.’ तेव्हा सगळं ऑफिस हसलं होतं. साहेब सगळ्यांत मोठ्याने.

तरी मुरलेला माणूस तो. संध्याकाळपर्यंत दोन साक्षीदार, चार सह्या आणि एक शपथपत्र जमवून त्यांनी सिद्ध केलं की ते तेच आहेत, फक्त अधिक आहेत. गुरुवारी अकरा वाजता फेरनोंद ठरली. एकदाच. त्यानंतरची दुरुस्ती सहा महिन्यांनी.

गुरुवारी सीट पार मागे नेण्यात आली. साहेब बसले. किती दिवसांनी पोटाला हक्काची जागा मिळाली! डोळे मिटावेसे वाटले.

“अस्सेच राहा, साहेब,” मिस्त्री म्हणाला. “घरी बसता तसे. सीट अंगाला बेतून घेईल. बाई, नोंदीसाठी फोटो घ्या.”

काउंटरवरच्या बाईंनी मोबाईल उचलला.

आणि साहेबांनी श्वास आत घेतला.

सीट तत्परतेने पुढे आली. बीप वाजला. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. साहेबांनी श्वास सोडला आणि स्टिअरिंगखाली पोट अडकलं ते पूर्वीपेक्षा अर्धं बोट जास्त.

शनिवारी सकाळी सहाला शेजारीण पिशवी घेऊन फाटकात उभी. साहेब गाडीशेजारी, हातात पुसायचं फडकं.

“अहो, दोन नंबर दाबा ना,” बाई म्हणाल्या. “माझा हुश्शचा. त्यात तुम्ही दोनदा मावाल.”

“दुसऱ्याच्या नोंदीवर बसायचं? ही तोतयेगिरी झाली!”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं प्रलंबित असलेली बाई जशी पाहील, तसं. मग शेजारणीला तिकीट देत म्हणाल्या, “तू हो पुढे. माझ्या जागेवर पिशवी ठेव.” आणि साहेबांच्या हातून किल्ली घेतली. “सरका. बसा तिकडे.”

‘मी स्वतः नेतो’ हा शब्द साहेबांच्या ओठांपर्यंत आला. तो त्यांनी गिळला. तशीही पोटात जागा पुष्कळ होती.

शेजारच्या सीटला बटण एकच होतं, मागे-पुढे. आठवण नव्हती. तिथे कोण बसतं याची कंपनीने दखलच घेतली नव्हती. साहेब टेकले. वळणाच्या पुढे गेल्यावर त्यांनी चोरून, हळूच, पाच महिन्यांचा श्वास सोडला. बाईंनी रस्त्यावरची नजर न काढता गुणगुणायला सुरुवात केली:

“सोडा अडला श्वास, सोडा सारा घोर
समुद्र का मोजी, पोट लहान-थोर?”

साहेबांच्या एक नंबरची पुढची दुरुस्ती सहा महिन्यांनी आहे. तोवर आपण आपल्या खिशातलं ओळखपत्र काढून त्यावरचा फोटो बघायला हरकत नाही. त्यातला तो ताठ, गंभीर माणूस गेली कित्येक वर्षं श्वास धरून बसलाय.

आणि हे वाचताना तुम्ही पोट आत घेतलंत ना, तेही सोडा. इथे कुणी नोंद करत नाहीये.