कमाल किंमत अधिक एक सोमवार

आमच्या तालुक्यात दारूवरचा अधिभार पैशांत घेत नाहीत, घरच्या बाईच्या उपवासांत घेतात. बाटलीवर तसे स्पष्ट छापलेले असते: कमाल किंमत अधिक एक सोमवार.

माझी तक्रार नाही. दर सगळ्यांना सारखा आहे. अडचण एवढीच, की यांची दारू सुटावी म्हणून मी सोळा सोमवार धरले होते आणि यांनी बाटली आणली की त्यातला एक जायचा. तीन वर्षांत मी अकराच्या पुढे गेले नाही. त्यात आषाढात दर वाढला. बाटलीमागे दोन सोमवार.

मग मी सवलत मागायला दरनियंत्रण कचेरीत गेले. खिडकीत घोलप भाऊसाहेब होते.

"वहिनी, सवलत साठीच्या पुढे. तुमच्या उपवासाची नोंद तेवढी करून देतो. केव्हा सोडता?"

"सोमवारीच, दिवेलागणीला."

"काय खाऊन?"

"वरणभात. आणि गोडाचं काहीतरी."

त्यांनी लिहिले, शिक्का मारला. रकाना मात्र शेजारचा भरला गेला, दारूचा.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी हे दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही सोडलीत. कागद आलाय."

"मी? केव्हा?"

"आत्ताच, दिवेलागणीला. वरणभात खाऊन."

"अरे, मग मला कसं ठाऊक नाही?"

"सरकारला ठाऊक आहे ना? झालं तर."

हे घरी आले आणि मुकाट्याने वरणभात जेवले. कागदावर तसे होते. सकाळी दुरुस्तीचा अर्ज दिला. दुरुस्तीला नियमाप्रमाणे सोळा सोमवार लागतात.

पहिले काही सोमवार यांचे हात थरथरत. वरणाची वाटी मी धरायची. सातव्या सोमवारी यांनी ती स्वतः धरली. मी देवापुढे दोन वाती जास्त लावल्या.

बाटली नव्हती, म्हणून माझाही एकही सोमवार गेला नाही. सोळाव्या सोमवारी आम्ही दोघे कचेरीत गेलो. भाऊसाहेबांनी नोंदवही उघडली.

"बोला काका, पुन्हा केव्हापासून धरता?"

यांनी माझ्याकडे पाहिले. "येत्या सोमवारपासून."

भाऊसाहेबांनी सवयीने शेजारचाच रकाना भरला, उपवासाचा. हे बघत होते. शिक्का पडेपर्यंत काही बोलले नाहीत.

पुढच्या सोमवारी उद्यापन केले. हेही दिवसभर उपाशी होते. चुरम्याचे तीन भाग करतात: देवाचा, गाईचा, घरच्यांचा. मी चार केले. चौथा भाऊसाहेबांनी खिडकीतून घेतला, कपाळाला लावला आणि रीतसर पोच लिहून दिली.