ठणठणीत माणसाचं रक्त

या वेळी चुकायला जागाच ठेवलेली नाही, असं बाईंनी छातीठोकपणे सांगितलं. बाई छातीठोकपणे काही बोलल्या की प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचं जेवणावरचं लक्ष उडायचं! बाई तिथल्या संशोधिका. विषाणू अंगात शिरला की आधी कोण धावतं, हा त्यांचा विषय. रक्तातल्या पहारेकरी पेशी विषाणूला ओळखतात, हाकाटी करून मारेकरी पेशींना उठवतात, आणि त्या मग बाधित पेशींचा निकाल लावतात. एकमेकींपासून तोडल्या तर दोघींच्या हातून फारसं काही होत नाही. बाईंना हे केव्हाच पटलं होतं. पटवायचं होतं ते संचालकांना, कारण महिनाअखेर बाईंची नेमणूक संपत होती आणि प्रयोग जमला तरच ती वाढणार होती. आधीचे सगळे प्रयत्न पाण्यात गेले होते.

रक्त हवं होतं धडधाकट माणसाचं. नेहमीचा रक्तदाता ऐन वेळी परगावी गेला, तेव्हा बाईंनी घरचाच माणूस धरला. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. मुकाट्याने आला आणि बाही वर करून बसला. सर्दीताप काही नाही ना, असं बाईंनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

बाईंनी पेशी वेगळ्या केल्या आणि दोन प्लेटमध्ये सारख्या मांडल्या. एकीत विषाणू घातला, दुसरी तशीच ठेवली. पहिलीत लढाई व्हायला हवी, दुसरीत सामसूम. त्या सामसुमीवरच सगळी भिस्त होती.

दुसऱ्या दिवशी पाहतात तर दोन्हीकडे धुमश्चक्री! जिथे विषाणूचा थेंबही घातला नव्हता तिथल्या पहारेकरी पेशी कोकलत होत्या, मारेकरी पेशी दिसेल त्याला झोडपत होत्या, आणि शत्रू औषधालाही नव्हता. बाईंनी तंत्रज्ञाला फैलावर घेतलं. एकच नळी दोन्हीकडे बुचकळली असणार! त्याने साफ इन्कार केला आणि शेजारच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखवलं. ते लोक पेशी उबेत ठेवायच्या आपल्या इन्क्युबेटरमध्ये खुशाल स्वतःच्या बाटल्या घुसडतात, म्हणाला. शेजारचे चिडले आणि तडक संचालकांकडे गेले. संचालकांनी विषाणू सांडला असा अर्थ काढून अख्खा मजला रिकामा केला! झाडून सगळं निर्जंतुक झालं. त्यात दोन्ही प्लेट गेल्या आणि उरलेलं रक्तही गेलं.

पुन्हा रक्त मागावं म्हणून बाईंनी जिन्यात उभं राहून नवऱ्याच्या शाळेत फोन लावला. सर आले नाहीत, असं शिपायाने सांगितलं. अर्धी शाळा तापाने झोपली होती. सरांनाही परवापासून कणकण होती, पण काल तुमच्याकडे जायचं म्हणून ते गोळी घेऊन निघाले, असंही तो म्हणाला.

बाईंनी फोन ठेवला. पेशींचं काहीच चुकलं नव्हतं. त्या अंगातूनच लढत बाहेर आल्या होत्या आणि प्लेटमध्येही लढतच राहिल्या होत्या. हे सगळं त्यांनी संचालकांना समजावून सांगितलं. संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निरोगी माणूस म्हणून कोणाला आणलं होतं, एवढंच विचारलं. बाईंनी सांगितलं. पुढे नेमणुकीचा विषय निघालाच नाही.

घरी नवरा दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत पडला होता. दिवसभर कोंडलेला राग बाईंनी दारातच मोकळा केला.

"माझी नोकरी गेली. एवढा ताप होता, तर बोलला का नाहीस?"

"तुला दुसरं कोणी मिळत नव्हतं." त्याने पांघरुणातून नाक बाहेर काढलं. "आणि किती दिवसांनी तू माझ्याकडे काहीतरी मागितलं होतंस."

यावर कडाडून भांडायचं असं बाईंनी ठरवलं. वाक्यही जुळवलं होतं. पण एव्हाना त्यांचंही अंग मोडून आलं होतं, म्हणून त्या म्हणाल्या, "जरा सरक तिकडे," आणि एक पांघरूण ओढून घेतलं.