नेनेकाकांना न लागणारी अक्षरं

माउंट रॉस्किलच्या आमच्या गल्लीत लोक मटकी भिजत घालतात, नेनेकाका नाणी. रोमन, ब्राँझची, मातीनं माखलेली. ओट्यावरच्या लोणच्याच्या बरण्यांत ती महिनोन्महिने पडून असतात. मी फार्मसीत असल्यामुळे त्यांचं डिस्टिल्ड वॉटर माझ्याकडूनच जातं. पहिल्यांदा पाच लिटर मागितलं तेव्हा कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "राजे आंघोळीला बसलेत."

नातीचा टूथब्रश हरवला की घरात कुणी शोधत बसत नाही. काका त्यानं एखाद्या सम्राटाचं नाक घासत असतात. मुलीनं घाई केली की म्हणतात, "सतराशे वर्षं निजलाय. असा गदागदा हलवू नये."

अक्षरं मात्र ते वाचत नसत. ते खातं मालतीकाकूंचं. त्या पुण्यात शाळेत इतिहास शिकवायच्या. नाण्यांपुरतं लॅटिन स्वतःच शिकलेल्या. काका धुणार, काकू भिंग लावून वाचणार, असा चाळीस वर्षांचा नेम. जागा कमी म्हणून रोमन लोक शब्द अर्धेच कोरायचे. काकू ते पुरे करायच्या, आणि काका हातातला घास तसाच ठेवून ऐकायचे.

गेल्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, काकूंना स्ट्रोक झाला. हात सुधारला, शब्द परतले नाहीत. औषधं द्यायला मी दर शनिवारी जाऊ लागले. काका काकूंच्या तळहातावर नाणं ठेवून समोर बसायचे. काकू अक्षरांवरून बोट फिरवायच्या, मग मान वळवायच्या. काका नाणं कागदी पाकिटात घालायचे. पूर्वी त्यावर काकूंनी वाचलेलं लिहिलं जायचं; आता पाकीट कोरंच राहायचं.

परवा एक नाणं फार स्वच्छ निघालं. 'फेल टेम्प रेपारातिओ.' मी फोनवर अर्थ शोधला : सुखाचे दिवस परत आले. काकांना बरं वाटेल म्हणून स्वयंपाकघरात त्यांना सांगायला गेले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"माहितीये मला. मला वाचता येतं. पहिल्यापासून येतं."

"मग इतकी वर्षं?"

"हळू बोल. तिला ठाऊक नाही." नाणं पुसता पुसता ते म्हणाले, "ती सांगायची ना, ते ऐकायला बरं वाटायचं."

मग बाहेर जाऊन त्यांनी नाणं काकूंच्या हातात दिलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"मालती, बघ गं जरा, काय लिहिलंय? मला काही अक्षर लागत नाही."

काकूंचे ओठ हलले. आवाज आला नाही. काका कान पुढे करून बसून राहिले.