जर्सी छानच आहे!

मला तोंड बंद ठेवता येतं! हे मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"अगं, मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसतो. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी फक्त 'नोंद घेतली' एवढंच म्हणतो!"

"ते ऑफिसात. क्रिकेटचा विषय निघाला की तुमचा ताबा सुटतो. माझ्या बहिणीचे यजमान आठवतात ना?"

आठवतात. एका पायचीतच्या निर्णयावरून साडू माझ्याशी बोलेनासे झाले. चेंडू आधी बॅटला लागला होता, हे मी आजही सांगतो. असो.

त्या आठवड्यात आपल्या संघाची नवी जर्सी आली होती आणि अख्ख्या गावाला दुसरा विषय नव्हता. एक गृहस्थ दोन दिवस नळाला पाणी नाही म्हणून खिडकीवर आले आणि जर्सीच्या कॉलरवर पंधरा मिनिटं बोलले. मी विचारलं, "आणि पाण्याचं?" तर म्हणे, "पाण्याचं बघा हो सवडीनं, पण ती कॉलर बघितलीत का?" न्हाव्याला जर्सी फारच आवडली होती. तुम्हाला कशी वाटली, असं त्यानं मला विचारलं. वस्तरा गळ्यावर असताना माणसाला मत नसतं. वरच्या मजल्यावरचे आजोबा रोज जिन्यात अडवून सांगायचे, "रंग बदलला, आता नशीब फिरणार!" कुठल्या दिशेनं, ते मात्र सांगत नव्हते. मी अगदी विटून गेलो होतो.

आता तुम्हाला म्हणून माझं मत सांगतो. जर्सी भयाण होती! जुनी कशी साधी, गडद, अंगभर एक रंग. हिच्या पोटावरून तिरका नारिंगी फराटा, रंगाऱ्यानं घाईत ब्रश पुसावा तसा. वर खांद्यांवर चंदेरी त्रिकोण. कशासाठी? कुणी मागितले होते त्रिकोण?

हे सगळं पोटात ठेवायचं होतं, कारण रविवारी मुलीच्या लग्नाचं पक्कं करायला मुलाकडचे येणार होते. मुलगा दातांचा डॉक्टर. मुलीला तो मनापासून आवडला होता आणि मलाही. माझी अक्कलदाढ त्यानं मला कळूही न देता काढली होती. प्रश्न त्याच्या वडिलांचा होता. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. कप्तानाला नावं ठेवली म्हणून त्यांनी एका शिकाऊ माणसाला भर चौकात गाडीतून उतरवलं होतं म्हणे!

"बाबा," मुलगी म्हणाली, "नवी जर्सी म्हणजे त्यांचा जीव की प्राण आहे. तुम्ही एक शब्द वाकडा बोललात ना, तर..." आणि तिचे डोळे भरून आले.

मुलीचे डोळे भरले की माझं काही चालत नाही. मी म्हटलं, वाकडा शब्द सोड, मी ती जर्सी विकत घेतो आणि घालूनच बसतो! घेतली. घातली. कापड असं की अंगभर मुंग्या सोडल्यासारखं वाटावं.

रविवारी दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं आणि आरशात बघितल्यासारखं झालं. समोर झुपकेदार मिशांचा धिप्पाड माणूस, आणि त्याच्या पोटावर तोच नारिंगी फराटा!

"वा!" मी म्हणालो.

"वा, वा!" ते म्हणाले आणि मान खाजवली.

टीव्हीवर सामना लावला होता. आपले सलामीवीर झकास खेळत होते. आमच्या दोघांच्या बायका, मुलगा, मुलगी सगळे श्वास रोखून आमच्याकडे बघत होते.

"छान आहे, नाही का, जर्सी?" ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले.

"छान? अप्रतिम!" मी म्हणालो. "विशेषतः हे त्रिकोण."

"त्रिकोण तर काय, बघतच राहावं!"

एवढ्यावर थांबायला हवं होतं की नाही? पण ते थांबेनात, म्हणून मलाही थांबता येईना. माझ्या एक लक्षात आलं. दर वेळी जर्सीचं कौतुक केलं की त्यांचा उजवा पाय टेबलाखाली करकचून दाबला जायचा. सवयीचा ब्रेक! मला वाटलं, भावना आवरत असतील.

"मी तर स्कूलच्या सगळ्या गाड्या याच रंगात रंगवून घेणार आहे," ते म्हणाले. पाय दाबला गेला.

आता मुलीचा बाप म्हणून मी मागे कसा राहणार? मी म्हणालो, "अहो, गाड्यांचं काय घेऊन बसलात! मी म्हणतो, लग्नात आपण दोघांनी हीच घालायची!"

"दोघांनीच का? सगळ्या वऱ्हाडानं घालायची!"

"नोंद घेतली!" मी ओरडलो.

मुलाची आई चपापून म्हणाली, "माझ्या माहेरच्यांनीसुद्धा?" माझ्या बायकोनं कपाळाला हात लावला. आणि मुलगी ताडकन उभी राहिली. "माझ्या लग्नात ही झबली दिसली तर मी लग्नच करणार नाही!"

मुलगा म्हणाला, "अगं, ऐक तर." ती म्हणाली, "तू गप्प बस, हे सगळं तुझ्यामुळे झालंय." मुलाच्या आईनं पर्स उचलली. तोंड उघडून लग्न मोडणारे बाप पुष्कळ पाहिलेत, गोड बोलून मोडणारा मी पहिलाच!

त्या गडबडीत ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी असा काही ब्रेक मारला की टेबल उडालं आणि चहाचा भरलेला कप माझ्या पोटावर उपडा झाला. बरोबर फराट्यावर.

"बरं झालं!" मी म्हणालो. मनापासून म्हणालो. निघून गेलं तोंडातून.

ड्रायव्हिंग स्कूलवाले पुढे वाकले. "खरंच बरं झालं?"

"म्हणजे... तशी छानच आहे, पण..."

"पण काय? बोला!"

"पण भयाण आहे हो!"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता मलाच माझ्या घरातून उतरवतात. पण त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "देवमाणूस आहात! अहो, तीन दिवस झोप नाही मला. हा पोरगा म्हणाला, तुम्हाला ही जर्सी जीव की प्राण आहे!"

"मला? ही पोरगी म्हणाली, तुम्हाला!"

आम्ही दोघांनी पोरांकडे पाहिलं. दोघं जमिनीकडे बघत होती.

"तुम्ही दोघं भांडाल म्हणून..." मुलगी पुटपुटली. "दोघांनाही सांगितलं, तर दोघंही गप्प बसाल असं वाटलं."

मग काय! त्रिकोण, फराटा, कॉलर, आम्ही एकेक गोष्ट फाडून खाल्ली. इतकी वर्षं मी लोकांची मतं ऐकली, त्या दुपारी पहिल्यांदा माझं कुणीतरी ऐकलं. आम्ही त्या जर्सी काढून फेकल्या. व्याहीबुवांना माझा सदरा दिला, त्याची बटणं लागेनात. मुलाच्या आईनं पर्स खाली ठेवली आणि म्हणाली, "चला, लग्न पक्कं!"

एवढ्यात टीव्हीवर गलका झाला. सलामीवीर बाद. पुढच्याच चेंडूवर आणखी एक बाद!

आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. मग सगळ्यांनी सावकाश आमच्याकडे पाहिलं.

"योगायोग आहे," मी म्हणालो. तिसरा धावबाद झाला.

"बाबा, घाला!" मुलगी किंचाळली.

"अगं, ओली आहे, चहानं..."

"बाबा!!"

आम्ही घातल्या. त्यानंतर एकही विकेट पडली नाही. आपण जिंकलो.

मालिकेचा शेवटचा सामना लग्नाच्या दिवशीच आला. ज्या मुलीनं त्या झबल्यांपायी लग्न मोडायला घेतलं होतं, तिनंच आदल्या दिवशी फर्मान काढलं की दोन्ही बापांनी तीच झबली घालायची, उगाच विषाची परीक्षा नको. फोटोंत सगळी मंडळी नटूनथटून उभी आहेत आणि दोन टोकांना आम्ही दोघं, मान खाजवत. माझ्या पोटावर चहाचा डाग स्पष्ट दिसतो. तो धुवायचा नाही, अशी व्याह्यांची सक्त ताकीद आहे.

तोही सामना आपण जिंकलो. म्हणजे आता सुटका नाही. तक्रार करावी म्हटलं, तर त्या खिडकीवर मीच बसतो!